नोंदवही आणि नवजात बाळ

आजार, उपचार, जन्म आणि मृत्यू यांची माहिती कशी गोळा करायची, ती खरी आहे की नाही हे कसे पडताळायचे आणि तिच्या आधारे पुढचा निर्णय कसा घ्यायचा, याचा अभ्यास म्हणजे वैद्यकीय माहितीशास्त्र. मोठ्या विद्यापीठांत त्याचे स्वतंत्र विभाग असतात. रुग्णांचे केसपेपर संगणकावर आणणे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि एक्स-रे एकाच नोंदीला जोडणे, हजारो नोंदी चाळून निदानाला मदत करणारे नियम बांधणे ही तिथली कामे. मात्र रुग्णालयाच्या संगणकात रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचीच माहिती असते. जिथे माणसे घरीच जन्मतात, घरीच आजारी पडतात आणि घरीच मरतात, तिथे हे शास्त्र दवाखान्याच्या फाटकाबाहेर न्यावे लागते. महाराष्ट्रात हे काम सर्वांत चिकाटीने झाले ते गडचिरोलीत, आणि तेही संगणकाच्या आधी कागदावर.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख, तर गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत भरली. गडचिरोलीत आदिवासींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि दक्षिण टोकाचे सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून २०० किलोमीटरहून दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. भाषाही एक नाही. मराठीबरोबर गोंडी आणि माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेला छत्तीसगढी. ‘बाळाला काय झाले होते?’ हा प्रश्न इथे तीन-चार भाषांत विचारावा लागतो आणि उत्तर एकाच रकान्यात भरावे लागते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६च्या सुमारास इथे आले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले होते. त्यानंतर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. बंग दांपत्याने ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि तेंदूपत्त्याच्या एका गोदामात कामाला सुरुवात झाली. शोधग्राम हा परिसर पुढे १९९३ मध्ये, धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ उभा राहिला. संशोधनाचे विषय आपल्या मनाने न ठरवता लोकांच्या अडचणींतून घ्यायचे आणि गावात जे सापडेल ते मोजल्याशिवाय बोलायचे नाही, अशी कामाची रीत होती.

मोजायचे म्हटले की पहिली अडचण लहान आकड्यांची. हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीस-पंचवीस बाळे जन्मतात. त्यांतले एक दगावले, तर त्या गावाचा बालमृत्युदर त्या वर्षी हजारी ४० ते ५० निघतो. एकही दगावले नाही, तर शून्य. दोन्ही आकडे बरोबर, आणि दोन्हींवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून एका गावाचा अभ्यास पुरत नाही. डझनावारी गावे आणि ओळीने काही वर्षे धरावी लागतात. सर्चच्या अभ्यासांत ८०-१०० गावे का दिसतात, याचे उत्तर या साध्या अंकगणितात आहे.

दुसरी अडचण सुटलेल्या नोंदींची. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा सर्वत्र आहे. सून सासरच्या गावात नोंदलेली, बाळ माहेरच्या गावात जन्मलेले. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना वाटते की नोंद दुसऱ्याने केली असेल. त्याहून कठीण म्हणजे जन्मल्यावर तासाभरात गेलेले बाळ. घरचे त्याला ‘मेलेलेच झाले’ म्हणतात, आणि मग ते ना जन्मांत मोजले जाते ना मृत्यूंत. दोन-चार दिवसांचे, नावही न ठेवलेले बाळ गेले की त्याच्याविषयी बोलणेच टाळले जाते. बालमृत्यू मोजायचे तर गरोदरपणाची नोंद आधी हवी. दिवस राहिलेल्या बाईचे नाव वहीत चढले की त्या गर्भारपणाचे पुढे काय झाले हा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत उघडा राहतो.

नोंद किती सुटली हे शोधण्याची एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे, आणि ती भारतातच आकाराला आली. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९४९ मध्ये ती मांडली, ती बंगालमधील सिंगूरच्या नोंदींवर. एकाच भागातले जन्म-मृत्यू दोन माणसांनी एकमेकांना न विचारता नोंदवायचे आणि मग याद्या ताडून पाहायच्या. समजा, पहिल्याच्या यादीत ८० मृत्यू आहेत, दुसऱ्याच्या यादीत ७५, आणि दोन्हींत आढळणारे ६०. म्हणजे दुसऱ्याने स्वतंत्रपणे शोधलेल्या ७५ पैकी ६० पहिल्याला सापडले होते. पहिल्याची नजर ८० टक्के पकडते. मग त्याचे ८० हे खऱ्या आकड्याचे ८० टक्के मानायचे आणि एकूण मृत्यू १०० धरायचे. दोघांच्या याद्या मिळून ९५ नावे होतात. उरलेले पाच कुणालाच दिसलेले नाहीत, तरी ते आहेत हे हिशेब सांगतो. देशाचा जन्म-मृत्युदर काढणारी नमुना नोंदणी पद्धतही दुहेरी नोंदीवर उभी आहे. सर्चच्या गावांत संस्थेने तयार केलेले गावातलेच आरोग्यदूत वर्षभर नोंद ठेवत आणि दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघर पाहणी होई. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्यावर निसटलेली बाळे सापडत.

या पद्धतशीर मोजणीचे पहिले मोठे फळ स्त्रियांच्या आजारांबद्दल होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. तक्रार असो वा नसो, गावातल्या सगळ्याच स्त्रियांना बोलावले होते. रुग्णालयातला अभ्यास इथेच चुकतो. तिथे दुखणे घेऊन आलेल्याच मोजल्या जातात, आणि न आलेल्या निरोगी असतील असे गृहीत धरले जाते. या ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. हा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. विकसनशील देशांत स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत तेव्हा धोरणकर्त्यांत होती. दोन गावांच्या आकडेवारीने ती हलवली.

पुढचा विषय लहान मुलांचा न्यूमोनिया. मूल किती भरभर श्वास घेते यावरून तो ओळखता येतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त, तर धोका. पण हे मोजणार कोण? गावात रात्री-बेरात्री हाताशी असते ती सुईण. तिला ना घड्याळ वाचता येते, ना साठपर्यंत मोजता येते. म्हणून सर्चने श्वासमापक बनवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचे. मोजणी, तुलना आणि निर्णय हे तिन्ही त्या फळीतच बसवलेले आहेत. निर्णयाला मदत करणारी प्रणाली म्हणून आज संगणकावर जे तयार होते, त्याचे इतके नितळ उदाहरण क्वचित सापडेल.

या कामाची चाचणी ५८ गावांत झाली आणि तुलनेसाठी ४४ गावे होती. कार्यकर्ते, आरोग्यदूत आणि सुईणी यांनी मुलांना को-ट्रायमॉक्साझोल दिले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, तर उपचाराच्या गावांत ८.१. निम्म्याहून अधिक घट. हा निबंधही १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर नोंदवहीत एक गोष्ट ठळक दिसू लागली. उरलेल्या बालमृत्यूंपैकी बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले होते. अशा बाळांना रुग्णालयात न्या, हे तेव्हाचे पुस्तकी उत्तर. ते गावात लागू पडते का, हे पाहण्यासाठी सर्चने ३९ गावांत वर्षभर फक्त पाहण्याचे ठरवले. पाच ते दहा यत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. बाळंतपणाला हजर राहायचे, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जायचे. झोळीत ठेवून काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, श्वास किती, रडणे कसे, दूध ओढते का, बेंबी कोरडी आहे का, हे सारे छापील तक्त्यात भरायचे. डॉक्टर पंधरा दिवसांनी येऊन ते तपासत, आणि मग तक्ते संगणकात जात.

१९९५-९६ या एका वर्षात ७६३ नवजात बाळांची अशी नोंद झाली. त्यांतली ४० दगावली. म्हणजे हजारी ५२. निम्म्या मृत्यूंच्या मुळाशी जंतुसंसर्ग होता. त्यानंतर जन्मताना गुदमरणे आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म. जवळजवळ निम्म्या बाळांना गंभीर ठरेल असा एखादा तरी आजार झाला होता. उपचारासाठी कुठेतरी नेले गेले ती २.६ टक्के, आणि रुग्णालयात दाखल झाली ती ०.४ टक्के. ‘रुग्णालयात न्या’ हा सल्ला किती जणांपर्यंत पोहोचतो, याचे इतके नेमके उत्तर त्यापूर्वी फारसे कुणाजवळ नव्हते. नवजात बाळाची काळजी घरीच घेण्याचा विचार या एका टक्केवारीवर उभा आहे.

पण घरी उपचार करायचे तर कोणत्या बाळाला इंजेक्शन द्यायचे हे आरोग्यदूताने ठरवायचे कसे? रक्ताची तपासणी तिथे होणार नाही. इथे साठलेल्या नोंदी कामाला आल्या. जंतुसंसर्गाने गेलेल्या बाळांत कोणती लक्षणे आधी दिसली होती आणि वाचलेल्यांत ती किती होती, हे ताडून सात लक्षणे निवडली गेली. आधी जोरात असलेले रडणे मंदावणे किंवा थांबणे. दूध ओढणे कमी होणे किंवा बंद पडणे. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध. अंग ९९ अंशांहून गरम किंवा ९५ अंशांहून गार. त्वचेवर किंवा बेंबीत पू. जुलाब, सततची उलटी किंवा फुगलेले पोट. कण्हणे किंवा छाती खोल आत ओढली जाणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुसंसर्ग समजायचा.

दोनच का, हे समजून घेण्यासारखे आहे. एका लक्षणावर थांबले तर गावातल्या कितीतरी धडधाकट बाळांना सुया टोचल्या जातील, आणि तीन-चार लक्षणांची वाट पाहिली तर काही बाळे त्याआधीच जातील. दोनच्या नियमाने जंतुसंसर्गाने मरण पावणारी सर्व बाळे हेरली जात होती. साधारण दहापैकी एका बाळावर संशय यायचा, आणि अशा संशयितांपैकी सुमारे चौथा हिस्सा खरोखर मृत्यूच्या वाटेवर होता. म्हणजे तीन बाळांना कदाचित गरज नसलेले औषध मिळेल, पण चौथे वाचेल. हा सौदा करायचा की नाही, हे गणित ठरवत नाही. मात्र आपण काय देऊन काय घेतो आहोत हे ते उघड करते, आणि गडचिरोलीत तो निर्णय डोळसपणे घेतला गेला.

आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल देऊ लागले. उपचारापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत, उपचारानंतर २.८ टक्के. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तर तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, तेव्हा सुरुवातीच्या दरांतला फरक धरून काढलेला ६२ टक्के घट हा आकडा जगभर गेला. शिकलेल्या डॉक्टरांना जपून वापरावी लागणारी सुई सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती देण्याला विरोध होणे साहजिक होते. त्या विरोधापुढे हे काम टिकले ते प्रत्येक बाळाचा तारीखवार तक्ता हाताशी होता म्हणून.

हीच मोजणी संपूर्ण महाराष्ट्राला लावली तर काय दिसेल? राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टीच्या भागांत आपापल्या नोंदी ठेवल्या. त्याचा अहवाल २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने आला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्याचा अंदाज होता, आणि सरकारी दप्तरात त्यांतले थोडेच होते. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत खळबळ उडाली. पुढे राज्य सरकारने बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दप्तरात मृत्यू कमी असणे हे अनेक कार्यालयांत चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते, हे या वादात उघड झाले. प्रामाणिक नोंद करणाऱ्या परिचारिकेला ओरडा खावा लागत असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर त्या आकड्याला वाचवू शकत नाही.

गडचिरोलीतल्या गृहभेटींच्या धर्तीवर २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघर नवजात बाळांच्या काळजीचा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा गृहभेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. वजनाचा काटा, थर्मामीटर आणि भेटीचा तक्ता आज देशभरच्या आशांच्या पिशवीत असतो.

मोठ्यांच्या मृत्यूंचे कारण शोधणे आणखी अवघड. घरी गेलेल्या माणसाचे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर नसतो, आणि दाखल्यावर ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ एवढेच येते. यासाठी तोंडी शवचिकित्सा वापरतात. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी प्रशिक्षित माणूस घरच्यांशी बोलतो. दुखणे कधी सुरू झाले, एक बाजू लुळी पडली का, बोलणे अडखळले का, अशा ठरावीक प्रश्नांची उत्तरे तो लिहून घेतो, आणि नंतर डॉक्टर ती वाचून कारण ठरवतात. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतल्या १,५९९ मृत्यूंचा असा माग काढला. सर्वांत मोठे कारण निघाले पक्षाघात. १४.३ टक्के. त्यांतल्या ८७ टक्के लोकांचा मृत्यू घरीच झाला होता. हिवताप आणि कुपोषण हीच जंगलपट्टीची दुखणी, असे धरून चालणाऱ्या योजनांना रक्तदाबाच्या गोळ्यांचा विचार करावा लागतो, तो अशा नोंदींमुळे.

हिवताप मात्र गेलेला नाही; राज्यात त्याचा मोठा भार आजही गडचिरोलीवर आहे. त्याच्या आकड्यांत एक खाच आहे. हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण सापडले हा निर्देशांक रक्तनमुने किती घेतले यावर अवलंबून असतो. नमुने कमी घेतले की रुग्ण कमी दिसतात. म्हणून वर्षात किती टक्के लोकांचे रक्त तपासले, हा आकडा सोबत वाचल्याशिवाय हिवताप घटला असे म्हणता येत नाही.

गेल्या दीड दशकात बरीचशी नोंद पोर्टलांवर गेली. क्षयरुग्णांसाठी २०१२ पासून निक्षय, माता-बालकांसाठी आरसीएच, आरोग्यसेविकांसाठी अनमोल ॲप, १४ अंकी आभा क्रमांक, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेच्या तपासण्यांची नोंद. यातून फायदा झाला. तालुक्याला पोहोचायला महिना लागणारा आकडा त्याच दिवशी दिसतो. पण रेंज नसलेल्या गावात आधी वहीत लिहायचे आणि मग रेंज मिळेल तिथे पुन्हा भरायचे, असे दुहेरी काम आशा आणि परिचारिकांच्या माथी येते. याद्या ताडण्यासाठी जी दुहेरी नोंद होती तिचा उपयोग होता. ही दुहेरी नोंद नुसती मेहनत वाढवते आणि उतरवताना चुका पेरते.

त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न नावांचा. मडावी, आत्राम, उसेंडी, नरोटे अशी मोजकी आडनावे गावोगाव असतात, आणि एका टोल्यावर एकाच नावाच्या तिघीजणी सापडतात. लग्नानंतर नाव बदलते, जन्मतारीख माहीत नसल्याने १ जानेवारी पडते, आणि गोंडी उच्चार देवनागरीत एक, इंग्रजीत दुसराच लिहिला जातो. गरोदरपणी नोंदलेली बाई आणि जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेली बाई एकच आहे, हे संगणकाला कळत नाही. गावातल्या आशाला ते विचारावेही लागत नाही. त्यामुळे नोंदी जोडण्याच्या कोणत्याही पद्धतीत तिच्या पडताळणीला जागा असणे आवश्यक आहे.

गुप्ततेचा मुद्दा लहान गावांत जास्त जपावा लागतो. दोनशे वस्तीच्या पाड्यात ‘सिकलसेलची एक तरुणी’ एवढे म्हटले तरी ती कोण हे सगळ्यांना कळते, आणि तिचे लग्न जुळणे अवघड होते. अशा ठिकाणी नाव काढून टाकणे पुरत नाही. गावाचा आकडा प्रसिद्ध न करता तालुक्याचा करावा लागतो.

नोंदींची ही रीत शेजारच्या जिल्ह्यातही नेता येईल. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक दिली जातात आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याची नोंद त्यांनी ठेवायची असते. दरवर्षीच्या विद्यार्थ्यांच्या या नोंदी एका पद्धतीने, त्याच कुटुंबांच्या जुन्या नोंदींना जोडून ठेवल्या, तर खाणींच्या पट्ट्यातल्या आणि जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यांतल्या आरोग्याचा सलग पट तयार होऊ शकतो. त्याची गरज किती आहे हे आदिवासी आरोग्यासाठी केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या २०१८च्या अहवालात दिसते. डॉ. अभय बंग हेच तिचे अध्यक्ष होते. देशातल्या १० कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याची वेगळी आकडेवारी बहुतेक बाबतींत उपलब्धच नाही, हे त्या समितीला आढळले, आणि आरोग्याच्या नियमित नोंदींत आदिवासींची माहिती स्वतंत्रपणे निघावी असे तिने सुचवले.